उखळीचे पाच बार

माझं नाव दगडाबाई. माझ्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईनं मला हे नाव ठेवलं. दगडाला कोण नजर लावणार? नजर लागली नाहीच, पण नावाचा गुण मात्र अंगात उतरला, असं आमचे हे म्हणतात. स्वतः ते फार मऊ आहेत असा त्यांचा समज आहे. मी तो कधी मोडला नाही, कारण तेवढ्यासाठी भांडत बसायला मला वेळ नव्हता. तीस वर्षं मी अंगणवाडीत मदतनीस होते आणि साठ-सत्तर लेकरांची खिचडी रोज वेळेत उतरवायची असे.

आमचे हे म्हणजे त्रिंबक. वय पासष्ट, गुडघे कुरकुरतात, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि दुसऱ्याचं 'बघू' म्हणून दोन वर्षं राहिलंय. पण चैत्रात भैरोबाची यात्रा आली की हा माणूस ताठ चालायला लागतो. पालखी उठायच्या आधी उखळीचे पाच बार द्यायचे आणि ते आमच्याच घरानं द्यायचे, असा मान आहे. आमचं गाव बीडजवळच्या पालीच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. बार नीट झाला तर त्याचा आवाज कपिलधारच्या बाजूच्या डोंगरावर आपटून परत येतो. परत आला की लोक म्हणतात, देवानं घेतला.

उखळी म्हणजे गुडघ्याएवढी ओतीव लोखंडाची तोफच. तोंड आभाळाकडे करून जमिनीत खड्डा खणून बसवायची. तळाशी दारू ओतायची, तिच्यावर बोळा ठेवून गजानं ठासायचा, आणि बुडाजवळच्या छिद्रात, म्हणजे कानात, वात घालून पेटवायची. पेटवली की पळायचं. लग्न होऊन आले त्या वर्षी मी पहिल्यांदा ह्यांना असं पळताना पाहिलं. त्यानंतर चौतीस वर्षं दर यात्रेला मी देवळाच्या खांबाआड उभी राहते आणि पाचवा बार होईपर्यंत डोळे मिटून घेते. हे मी ह्यांना कधी सांगितलेलं नाही. उगीच फुशारतील.

दारू मोजायला म्हशीच्या शिंगाचं माप आहे. ते आमच्या देव्हाऱ्यात असतं आणि त्याला 'देवाचं माप' म्हणतात. काठोकाठ भरायचं, सांडलं तर चालेल, कमी नको. माझे सासरे बंकटआण्णा हिशेबी माणूस. त्यांनी एका वहीत दर वर्षीचं लिहून ठेवलंय, दारू कुठली, बोळा कशाचा, आवाज कसा आला. पण वर्षानुवर्षं दारू एकाच परवान्याच्या दुकानातली आणि बोळा अंबाडीच्या धाग्याचा, त्यामुळे पानामागून पान तेच.

यंदा दोन्ही बदललं. तो दुकानदार म्हातारा झाला, त्याच्या पोरांनी परवाना परत केला. यात्रा कमिटीनं परवानगी काढून दुसरीकडून दारू आणली. डबा उघडला तर जुनी दारू ज्वारीच्या कणीसारखी असायची, ही चहाच्या भुकटीसारखी बारीक. अंबाडी तर आता कुणी पेरतच नाही. म्हणून कमिटीचे अध्यक्ष रविराजभैया यांनी जिनिंगमधून कापसाचा पिळदार कचरा पाठवला. तो ठासला की लाकडासारखा घट्ट बसतो. मी तांब्यात ठासून पाहिला.

रविराजभैयांची जमीन मोठी आणि राजकारण त्याहून मोठं. माणूस वाईट नाही, पण त्यांना सगळं मोठं लागतं. डबा पोचवायला आले तेव्हा ओट्यावर बसून चहा घेत ह्यांना म्हणाले, "आबा, यंदा बार दणक्यात झाले पायजेत. मागल्या दोन साली लोकं म्हणली, बारात दम न्हाई. सिरसाळ्याचा एक जण आभाळात रंगीत झाडं उडवतो. कमिटीतली पोरं म्हणतेत पुढच्या साली त्यालाच बोलवू. मी म्हणलो, आधी आबाचा बार बघू."

हे हसले. मला ते हसणं माहीत आहे, ओठ हसतात आणि कान लाल होतात. मान गेला तर हा माणूस आतून खचेल हे मला कळत होतं. आणि नुसत्या दणक्यापायी त्यांनी ती बारीक दारू काठोकाठ भरून वर तो कापूस ठासला तर काय होईल, याचीही मला धास्ती बसली. मला मान हवा होता, पण हे दोन्ही हातांसकट हवे होते.

यात्रेआधी आठ दिवस माझा दीर अजिनाथ बीडहून आला. तो फौजेत हत्यारांच्या वर्कशॉपात होता, हवालदार म्हणून रिटायर झाला. आला तो बारीक दारू तळहातावर घेऊन उन्हात न्याहाळत बसला, मग कापूस चुरगळून पाहिला, मग आण्णांची वही चाळली.

"वैनी, ही जोडी वहीत न्हाई."

"ते मला बी दिसतंय भावजी. मग काय करायचं?"

"आमच्याकडं पिस्तूल नेमबाजीची टीम हुती. तिची काडतुसं मी हातानं भरायचो. त्याचं पुस्तक असतंय, ह्या दारूला ही गोळी, इतकीच भर. पर कधी गोळी एका कंपनीची यायची, दारू दुसरीचीच, अन् पुस्तकात त्या दोघींचं लगीनच लागलेलं नसायचं."

"मग?"

"मग खालनं सुरू करायचं. कमी भरायची, चार-पाच उडवायची, रिकामी पुंगळी उचलून भिंगाखाली बघायची. समदं बेस असलं तर कणभर वर. पुंगळीनं जरा तोंड वाकडं केलं की थांबायचं अन् एक पाऊल मागं यायचं. घाई केली की बोटं गेली."

"म्हणजे कमी भरलं की झालं."

"न्हाई वैनी, लई कमी बी वाईट. गोळी नळीतच अडकून बसती. कुणाच्या ध्यानात येत न्हाई, अन् मागनं दुसरी सोडली की नळीच फुटती."

मला हे लगेच पटलं. अंगणवाडीत नव्या तांदळाचं पोतं उघडलं की मी आधी वाटीभरच शिजवून बघायचे. जुन्या तांदळाच्या मापानं पाणी घातलं तर साठ लेकरांना लापशी वाढायची वेळ येते. फरक इतकाच की लापशी फुटत नाही.

अजिनाथनं भावाला समजावलं. नदीच्या पात्रात जाऊ, खालून सुरू करू, दोन-चार बार करून बघू आणि माप ठरवू. ह्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली, नाही म्हणून.

"उखळी देवळातनं यात्रेच्याच दिवशी हलती. पूजा झाल्याबिगर तिला बत्ती लावत न्हाईत. ते तुला ठाव न्हाई का?"

"ठाव हाय दादा. मग त्या दिवशी तरी माप कमी घे."

"देवाचं माप हाय ते. आण्णांनी कधी कमी घेतलं न्हाई, मी घेणार न्हाई."

"अवं, आण्णांच्या टायमाला ही दारू नव्हती," मी म्हणाले.

"तू गप."

मी गप्प बसले. आमच्या घरात मी गप्प बसले की धोका असतो, पण हे अजून शिकलेले नाहीत. यात्रेच्या आदल्या दिवशी हे देवळापुढे खड्डा खणायला गेले, तेव्हा मी चुलीवर मेणबत्त्या वितळवल्या आणि शिंगाच्या तळाशी मेण ओतलं. एक तृतीयांश माप भरलं. गार झाल्यावर वरून काजळी फासली, म्हणजे आत काळंच दिसावं. एका डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या माणसाला ते काय कळणार होतं? माप काठोकाठ भरणार होतं, फक्त काठ वर आला होता. मग देव्हाऱ्यासमोर हात जोडून म्हणाले, भैरोबा, तुझ्या मापात मी काटा मारला आहे, राग आला तर माझ्यावर काढ, ह्यांच्यावर नको. त्या रात्री मला शांत झोप लागली, हे मात्र खरं.

यात्रेला गर्दी चिक्कार. उसाच्या फडांवरून टोळ्या नुकत्याच परत आलेल्या, सहा महिन्यांनी गावात माणूस दिसत होता. नवी लुगडी, भेळीच्या गाड्या, आणि कमिटीच्या पोरांनी लावलेला स्पीकर. पाच वाजता धोंडीराम गुरवानं उखळीची पूजा केली, गुलाल टाकला. हे पांढरं धोतर नेसून, फेटा बांधून पुढे झाले. अजिनाथ बाजूला पाण्याची घागर घेऊन उभा. मी खांबाआड.

ह्यांनी लोकांकडे पाठ करून, जरा वाकून माप भरलं. दरवेळी ते सगळ्यांना दाखवून भरतात. मला ते खटकलं, पण पुढचा विचार करायला वेळ मिळाला नाही. दारू आत गेली, बोळा ठासला गेला, वात पेटली, हे पळाले. मी डोळे मिटले.

फुस्स झालं.

लग्नात सोड्याची बाटली उघडावी तेवढाच आवाज. मी डोळे उघडले तर उखळीच्या तोंडातून पांढरा धूर हळूहळू वर चालला होता आणि बोळा आतच होता. आधी कुणाला कळलं नाही, मग मागून कुणीतरी हसलं आणि हसू गर्दीभर पसरलं. स्पीकरवाल्यानं संधी साधून एक विनोदी सूर वाजवला. त्याला मी ओळखते, माझ्याच हातची खिचडी खाऊन वाढलाय.

रविराजभैया घाईघाईनं पुढे आले. "आबा, दुसरा भरा की पटकन. ह्याच्यावरच भरा, जरा जास्त घ्या."

अजिनाथचे शब्द आठवले, अडकलेल्या गोळीमागून दुसरी. आणि ही अडकायची पाळी माझ्या मेणानं आणली होती. ह्यांचे कान लाल झालेले मला लांबून दिसत होते. या क्षणी हा माणूस काहीही करेल असं वाटलं. मी खांब सोडून पुढे निघाले.

पण ह्यांनी हात वर केला. "कुणी म्होरं येऊ नगा. भैया, तुमी बी मागं व्हा. आत ठिणगी असती."

आणि थांबले. लोक हसत होते, हे उभे होते. कुणी म्हणालं, आबाचा बार दमला. हे उभेच. धूर पूर्ण बसला, त्यानंतरही थांबले. मग अजिनाथनं कानावर आणि तोंडात लांबूनच पाणी फेकलं, पुन्हा थांबले, आणि शेवटी लांब आकड्यानं ओढून बोळा बाहेर काढला. त्याच्या बुडाला अजून लाल ठिपका होता. तो पाण्यात चुर्र करून विझला तेव्हा हसणारे गप्प झाले.

उखळी पुसून कोरडी होईपर्यंत अर्धा तास गेला. हे माप घेऊन बसले आणि आत अंगठा घातला. अंगठा अडला. नखानं खरवडलं, नखात मेण आलं. मान वर करून त्यांनी गर्दीत मला शोधलं. शोधायला लांब जावं लागलं नाही, मी समोरच उभी होते.

"हे तू केलंस?"

"व्हय."

"कावून?"

"तुमी ऐकंना म्हणून."

सगळं गाव ऐकत होतं. देवाच्या मापात मेण ओतलेली बाई मी. कौशल्याबाई, गुरवाची आई, तोंडाला पदर लावून उभी. मला वाटलं आता हे चारचौघांत बोलतील, आणि बोलले असते तर मी ऐकून घेतलं असतं, निदान घरी जाईपर्यंत. पण हे धोंडीराम गुरवाकडे वळले.

"गुरव, एकट्या तिचा गुन्हा न्हाई. मी बी माप दोन बोटं कमीच भरलं. पाठ करून भरलं, तुमाला दिसू नये म्हणून. ह्या अजिनाथनं आठ दिस डोकं खाल्लं, अन् मला बी भ्या वाटलं. तिनं एक काटा मारला, मी दुसरा मारला. म्हणून बार फुसका गेला. देवाचा काय दंड असंल तो सांगा."

अजिनाथ जमिनीकडे बघत होता. हसू दाबत होता, मेला.

ज्या माणसाचं माप चोरून कमी केलं, त्यानंही चोरूनच कमी केलं होतं, आणि दोघांनी एकमेकांना सांगितलं असतं तर पहिला बार नीट गेला असता. अख्ख्या गावासमोर आपली भीती बोलून दाखवायला या माणसाला किती जड गेलं असेल, ते मला त्या लाल कानांवरून कळलं. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मला बोलल्यावाचून राहवेना.

"गुरव, पाच बार द्यायचे असं ठरलंय. पाची सारखे द्यायचे, असं कुणी ठरवलंय का?"

धोंडीरामनं डोकं खाजवलं, आईकडे पाहिलं. कौशल्याबाईनं पदर खाली घेतला. "तसं काय न्हाई बाई. पाच मोजायचे एवढंच हाय."

"मग एक झाला. चार राहिले. ते खालनं वर चढवत न्यायचे."

ह्यांनी चाकूनं मेण खरवडून काढलं, माप पुसलं आणि माझ्या हातात दिलं. "तू भर. मला कड नीट दिसंना."

बाईनं कधी भरलेलं नव्हतं. मी आमटीत मीठ घालावं तसं सावकाश भरलं, अजिनाथनं शेजारून पाहून मान हलवली की थांबायचं. दुसरा बार पहिल्याहून जरा वर. तो गेला, साधाच, पण गेला. दर बारानंतर दोघं भाऊ उखळीभोवती फिरायचे, आत-बाहेर हात फिरवायचे, खड्ड्याची माती बघायचे आणि मगच मला खुणावायचे. तिसरा आणखी वर. आवाज डोंगराला लागून परत आला आणि लोकांनी गुलाल उधळला. आता गर्दीलाही खेळ कळला होता; पुढचा किती मोठा, यावर पैजा लागल्या. स्पीकर कुणीतरी बंद केला.

चौथ्याला माप निम्म्याला आलं. वात पेटली, हे पळाले, आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा मी डोळे उघडे ठेवले. जमीन हादरली. डोंगरावरून आवाज दोनदा परत आला. देवळावरची पाखरं उडाली ती गावाजवळच्या धरणाकडे गेली. लोक नाचायला लागले, आणि हे दोघं भाऊ मात्र उखळीपाशी वाकून बसले होते. मी जाऊन पाहिलं. उखळी खड्ड्यात वीतभर खाली रुतून एका अंगाला कलली होती.

अर्ध्या मापात. मी काठोकाठचा विचार केला. ह्यांनीही तोच केला असावा, कारण त्यांनी उखळीवर तळहात ठेवला.

रविराजभैया मोबाईलवर शूटिंग करत धावत आले. त्यांचा चेहरा फुलला होता. "आबा, एक नंबर! आता शेवटचा, भरगच्च. माप भरून होऊ द्या."

"न्हाई भैया," हे म्हणाले. "हिनं तोंड वाकडं केलं. आता मागं यायचं."

"लोकं वाट बघाय लागलेत, आबा. सिरसाळ्याचं बोलणं कायमचं मिटंल."

"मिटू द्या न्हाईतर ऱ्हाऊ द्या. पुढच्या साली कुणालाबी बोलवा. आजचा पाचवा तिसऱ्याएवढा असंल."

आठ दिवस ज्या मानासाठी हा माणूस धड जेवला नव्हता, तो त्यानं उखळीशेजारी बसून असा सोडून दिला. उखळी पुन्हा बसवली, मी तिसऱ्याएवढं माप भरलं, पाचवा बार झाला. आवाज एकदाच परत आला. पालखी उठली.

लोकांना खालून वर चढत गेलेले बारच आवडले. पालखीमागे चालताना सगळ्यांच्या तोंडी तेच होतं, आणि रविराजभैया लोकांचा कल ओळखून आहेत, राजकारणी माणूस. भेळीच्या गाडीपाशी ह्यांना गाठून म्हणाले, "आबा, पुढच्या साली बी असेच चढते द्या. पयला जरा फुस्सच ठेवा. मजा येती."

हे नुसते हसले. कान लाल नव्हते.

घरी परतताना अजिनाथ पुढे गेला, आम्ही दोघं मागे, ह्यांच्या गुडघ्यांच्या चालीनं. दिवस मावळत आला होता.

"तुला एक सांगू का?" हे म्हणाले. "पयला फुस्स झाला अन् लोकं हसली, तवा मला बरं वाटलं."

"बरं?"

"आण्णा गेल्यापसून दर साली बत्ती लावून पळताना वाटतंय, ह्या खेपेला हात जाणार. पाच बार म्हणजे पाच खेपा. आज पयल्याला काईच झालं न्हाई, तर म्हणलं, चला, हात अजून हायेत."

"मग इतक्या सालात मला बोललात कावून न्हाई?"

"तू हसली असतीस."

मी रस्त्यातच थांबले आणि रडले. चौतीस वर्षं मी खांबाआड डोळे मिटून उभी होते आणि हा माणूस उखळीपाशी तेच भय घेऊन पळत होता, आणि आम्ही एका ताटात जेवत होतो. तेही सांगितलं त्यांना, खांबाचं. ते फुशारले नाहीत. नुसते शेजारी उभे राहिले, आणि काय करावं ते न सुचून त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले, गुलालानं आणि काजळीनं भरलेले. मी बोटं मोजली. दहा होती.